आतली पूड

दुपारी दोन-अडीचच्या सुमाराला मेडिकलमध्ये फारसं कुणी नसतं. सकाळची ओपीडी उरकलेली असते, संध्याकाळची सुरू व्हायची असते आणि शाहूपुरीतलं ऊन दुकानाच्या पायरीपर्यंत येऊन थांबलेलं असतं. अशा वेळी एक आजोबा आले. धोतर, पांढरी टोपी, गळ्यात तुळशीची माळ, उजव्या पायाला बँडेज. तोडलेल्या उसाचा बुडखा पायात घुसला होता आणि जखम चिघळली होती. चिठ्ठीवर सेफालेक्सिनच्या कॅप्सूल होत्या. मी स्ट्रिप काढून पुढं ठेवली. त्यांनी ती उचलून उजेडाकडं धरली, उलटसुलट केली आणि विचारलं, "मालक, ह्यात मांस-बिंस काय नसतंय न्हवं? न्हाई, आमचा नातू म्हणाला, ह्येचं वरचं कातडं हाडकांचं असतंय. माळ हाय गळ्यात, म्हणून इचारलं." नातू बरोबर होता. कॅप्सूलचं कवच बहुतेक वेळा जिलेटिनचं असतं आणि जिलेटिन येतं जनावरांच्या हाडाकातड्यातून. वनस्पतीपासून केलेली कवचंही मिळतात, पण ह्या स्ट्रिपवर तसं काही लिहिलेलं नव्हतं. मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, त्याच घराण्यातलं सेफाड्रॉक्सिल गोळीत येतं, ते द्या. आजोबांनी पैसे मोजले, गोळ्या बंडीच्या खिशात ठेवल्या, पायरी उतरले आणि परत वळले.

"आणि आतली पूड? ती कशाची म्हणायची?"

"बुरशीपासनं काढत्यात, अण्णा."

"बुरशी चालती की. भाकरीवर बी येती." मग जरा थांबून, "कुठली बुरशी? आपल्याकडची?"

"न्हाई. इटलीतली."

"आसूंदे," म्हणाले आणि लंगडत निघून गेले. त्यांचं समाधान झालं होतं. माझं मात्र झालं नाही. ह्या धंद्यात केस पांढरे झाले, पण गिऱ्हाइकं विचारतात ती किंमत, जेवणाआधी की नंतर, आणि 'हीट पडत नाही ना?' औषध मुळात कुठलं, हे कुणी विचारत नाही. आंबा कुठला, गूळ कुठला, मटण कुठल्या दुकानातलं ह्यावर कोल्हापुरात तासभर वाद होऊ शकतो. गोळीच्या बाबतीत आपण फार तर कंपनीचं नाव बघतो. मी 'इटलीतली' म्हणालो ते फार्मसीच्या पुस्तकातल्या एका ओळीच्या जोरावर. ती ओळ परीक्षेपुरती पाठ केलेली होती, आणि आता इतक्या वर्षांनी रात्री शटर ओढताना ती डोक्यात घोळायला लागली.

ती ओळ अशी की सेफालोस्पोरिन, म्हणजे सेफालेक्सिनचं सगळं घराणं, देणारी बुरशी पहिल्यांदा सापडली ती सार्डिनिया बेटावर, कालियारी शहराच्या किनाऱ्याला, सांडपाण्याचा नाला जिथं समुद्राला मिळतो त्या तोंडाशी. साल १९४५. महायुद्ध नुकतंच संपत होतं, गावात टायफॉइड होता. जुझेप्पे ब्रोत्झू नावाचे विद्यापीठातले आरोग्यशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या लक्षात आलं की नाल्याच्या तोंडाशी पोरं खुशाल पोहतात आणि तरी टायफॉइड त्या मानानं कमी दिसतो. त्यांनी असं धरलं की तिथं कुणीतरी जंतूंना खात असणार, निदान अडवत असणार. पाण्याचे नमुने लावले आणि त्यात ही बुरशी मिळाली. तिचा अर्क टायफॉइडच्या जंतूला मारत होता, गळवांतल्या जंतूलाही. रुग्णांवर वापरून पाहिला, काहींना उतार पडला. हे सगळं त्यांनी १९४८ साली एका स्थानिक नियतकालिकात छापलं, जे सार्डिनियाबाहेर बहुधा कुणीच वाचत नव्हतं. एका ब्रिटिश डॉक्टरच्या ओळखीनं ती बुरशी ऑक्सफर्डला हॉवर्ड फ्लोरींच्या प्रयोगशाळेत गेली नसती, तर आजोबांच्या पायाला काय मिळालं असतं कोण जाणे.

आता कोल्हापूरकराला नाल्याच्या तोंडाचं वर्णन करून सांगायला नको. जयंती नाला पंचगंगेला मिळतो तिथं उन्हाळ्यात उभं राहून बघा. पाण्याला दोन रंग असतात, काठाला फेस धरलेला असतो, आणि वास नाकात शिरतो तो घरी येऊन आंघोळ केली तरी हटत नाही. मी एका रविवारी मुद्दाम तिथं गेलो होतो. ब्रोत्झूंची गोष्ट डोक्यात होती म्हणूनच. एक पोरगा गाडी धूत होता, त्यानं विचारलं, "काय शोधताय ओ?" काय सांगणार. अशा जागी कुणाला औषध सुचावं ह्याचं मला अजून नवल वाटतं, आणि थोडी भीतीही वाटते, कारण ही गोष्ट ऐकून उद्या कुणीतरी म्हणेल की मग सांडपाणी सोडलेलं चांगलंच की! तसं नाही. समुद्रात टायफॉइडचे जंतू मरायला मीठ, ऊन आणि अफाट पाणी हीच कारणं पुरेशी असतात. ब्रोत्झूंचा तर्क अर्धामुर्धा बरोबर होता आणि नशीब पुरं. पण घाणीच्या तोंडाशी उभं राहून नाक न दाबता प्रश्न विचारणं, एवढं तरी त्यांचं स्वतःचं होतं.

पुढची हकीकत सरळ नाही. ऑक्सफर्डमध्ये एडवर्ड अब्राहम आणि गाय न्यूटन ह्यांना त्या बुरशीत आधी वेगळीच द्रव्यं मिळाली. ज्यानं पुढं नाव काढलं ते सेफालोस्पोरिन सी १९५३ साली हाताला लागलं, तेही दुसऱ्या द्रव्यात मिसळलेलं, अगदी थोडं. त्याची ताकद बेताची होती. पण पेनिसिलिनला तोडून टाकणारं जंतूंचं विकर ह्याला तोडू शकत नव्हतं, आणि तेवढ्यावर सगळा खेळ फिरला. विकायला पहिलं औषध आलं १९६४ मध्ये. नाल्यापासून इंजेक्शनपर्यंत जवळजवळ वीस वर्षं. आज माझ्या दुकानात सेफालेक्सिन, सेफाड्रॉक्सिल, सेफिक्झाइम, सेफपोडॉक्झिम ह्यांची एक अख्खी फळी आहे, आणि पलीकडच्या हॉस्पिटलात सलाइनमधून जाणारं सेफ्ट्रिॲक्झोनही ह्याच गोताचं.

तरीही आजोबांचा प्रश्न सुटला म्हणता येणार नाही. त्या जातीची बुरशी जमिनीतही राहते. मग ती समुद्राची की गटाराची की मातीची?

आम्हा घाटावरच्या माणसांचं समुद्राशी नातं तसं पाहुण्याचंच. रत्नागिरी इथनं सव्वाशे-दीडशे किलोमीटर. लहानपणी आंबा घाटातनं एसटी खाली उतरायला लागली की कानात दडे बसायचे, साखरप्याला चहा, पालीच्या पुढं हवा चिकट व्हायची आणि वडील म्हणायचे, "आला बघ खारा वारा." आम्हाला काही यायचा नाही, पण आम्ही हो म्हणायचो. घरी समुद्र यायचा तो बर्फातल्या बांगड्यांतून नाहीतर मिठाच्या पोत्यातून. आमच्या आईला मासळीचा वास सहन व्हायचा नाही. वडील अंगणात चूल मांडून स्वतः बांगडा भाजायचे आणि ती खिडकी लावून आत बसायची. कोल्हापुरात मटणाशी जशी भावकी आहे तशी मासळीशी नाही. त्यामुळं माझ्या पुतणीनं एमएस्सीला मायक्रोबायोलॉजी घेऊन प्रोजेक्टला समुद्राचा चिखल निवडला, तेव्हा घरात पहिला प्रश्न आला तो हाच: पंचगंगेला काय झालं होतं?

चिखल आणायला मीच तिच्याबरोबर गेलो होतो. भाट्याच्या खाडीत ओहोटी लागलेली, कांदळाची मुळं उघडी पडलेली. चिखल वरून करडा, बोटभर खाली काळाकुट्ट, आणि त्याला कुजक्या अंड्याचा वास. पुतणी गुडघाभर आत गेली, उकळून आणलेल्या चमच्यानं चिखल उकरून बाटल्यांत भरत होती आणि प्रत्येक बाटलीवर पेनानं वेळ लिहीत होती. येताना बाटल्या माझ्याच औषधांच्या थर्माकोलच्या खोक्यात. घरी त्या रात्रीपुरत्या फ्रिजमध्ये ठेवायच्या म्हटल्यावर वहिनीनं डोशाचं पीठ, दही आणि खरवस बाहेर काढला आणि सांगितलं, एकतर हे राहील नाहीतर ते. शेवटी चिखल दुकानातल्या इन्सुलिनच्या फ्रिजखाली, खोक्यात बर्फ घालून राहिला.

पुढचं काम मी तिच्या कॉलेजात जाऊन पाहिलं. चिखल आधी वाळवतात, मग थोडा गरम करतात. नाजूक जंतू त्यात मरतात आणि चिवट बीजाणू धरणारे मागं राहतात. ह्या जिवाणूंचं पूर्ण नाव ॲक्टिनोमायसिट्स, पुतणी त्यांना 'ॲक्टिनो' म्हणते. मग तो चिखल पाण्यात पातळ करत करत प्लेटवर पसरायचा. मीडिया, म्हणजे जंतूंचं खाद्य, साध्या पाण्यात नाही, समुद्राच्या पाण्यात केलेला, शिवाय बुरशी वाढू नये म्हणून त्यात बुरशीनाशक. आणि मग वाट. साधे जंतू रात्रीत प्लेट भरून टाकतात, ह्यांना आठवडे लागतात. मी गेलो त्या दिवशी तिनं एक जुनी प्लेट माझ्या नाकाखाली किंचित उघडली. खाडीचा तो कुजका वास कुठल्या कुठं गेला होता. पहिल्या वळवानं ओली झालेली माती! मी चक्क डोळे मिटले. ती म्हणाली, मातीला तो वास मुळात हेच देतात, जिओस्मिन म्हणतात त्याला. पांढरट-राखाडी, कोरड्या, वर पूड धरलेल्या वसाहती. तिनं लूप, म्हणजे तारेची कडी, टेकवला तर तो नुसता वरून घसरला. दुधाच्या पातेल्याला लागलेल्या खरवडीसारखी ती वसाहत तळात रुतून बसली होती, अक्षरशः खरडूनच काढावी लागली.

त्या प्लेटमधली जेली अगारची, म्हणजे आपल्या घरातला चायना ग्रास. तो येतो तांबड्या समुद्री शेवाळातून. हे मला ठाऊक होतं, पण त्यामागची गोष्ट पुतणीनं सांगितली. रॉबर्ट कॉख ह्यांच्या प्रयोगशाळेत आधी जंतू वाढवायला जिलेटिन वापरत. उन्हाळ्यात ते वितळायचं, काही जंतू तर ते खाऊनच टाकायचे. तिथं काम करणाऱ्या वाल्थर हेसे ह्यांची बायको फॅनी. ती जेली करताना अगार वापरायची. तिला ते जावाकडं राहून आलेल्या शेजाऱ्यांकडून कळलेलं. १८८१ साली तिनं नवऱ्याला सुचवलं आणि तेव्हापासून जगातली प्रत्येक प्रयोगशाळा अगारवर चालते. पैसा मिळाला नाही, नावही फारसं नाही. मला मात्र गंमत वेगळीच वाटली. इथंही आधी जिलेटिनच होतं, आणि ते बाजूला सारून शाकाहारी अगार आलं. माळकरी आजोबांना ही हकीकत आवडली असती.

चमचाभर समुद्राच्या पाण्यात काही लाख जिवाणू असतात. त्यातला शंभरातला एकही ह्या प्लेटवर धड वाढत नाही. म्हणजे पुतणी ज्याला 'मिळालं' म्हणते ते आधीच गाळून उरलेलं. बाकीच्यांना काय हवं असतं ते आपल्याला नीट ठाऊक नाही. कुणाला शेजारी हवा असतो, कुणाला उपाशी ठेवलं तरच बरं वाटतं. २००२ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी भरती-ओहोटीच्या पट्ट्यातले जिवाणू दोन पातळ पडद्यांच्या डबीत घालून त्यांच्याच चिखलात परत ठेवले, आणि जे प्लेटवर रुसायचे ते वाढायला लागले. फार हुशारी लागली नसेल असं मला वाटलं, हट्ट मात्र दांडगा लागला असेल. तसाच हट्ट विल्यम फेनिकल आणि पॉल जेन्सन ह्यांचा. खरे समुद्री ॲक्टिनो असे काही नसतातच, जमिनीवरचे बीजाणू पावसानं वाहून तळाला जातात, असं बरेच जण मानत होते. ह्या दोघांना बहामा बेटांजवळच्या तळगाळात असा एक गट मिळाला की ज्याला समुद्राचं पाणीच लागतं, गोड्या पाण्याच्या मीडियावर तो वाढतच नाही. त्याचं नाव सॅलिनिस्पोरा. त्याच्यातून २००३ साली एक द्रव्य काढलं, जे पेशीतल्या टाकाऊ प्रथिनांचं चक्रच बंद पाडतं. कॅन्सरवर त्याच्या चाचण्या झाल्या. मेंदूच्या कॅन्सरवरच्या मोठ्या चाचणीत मात्र रुग्णांचं आयुष्य काही वाढलं नाही. वर्तमानपत्रात 'समुद्रात सापडला रामबाण' अशी बातमी येते ती ह्या गोष्टीच्या पूर्वार्धाची. उत्तरार्ध आतल्या पानावरही येत नाही.

पण कधी कधी येतोही, आणि अगदी आपल्या गल्लीत येतो. आमच्या गल्लीतल्या एका पोराला ल्युकेमिया झाला होता. त्याच्यासाठी सायटाराबिनच्या बाटल्या मीच होलसेलरकडून आणून द्यायचो. एवढीशी काचेची बाटली, तळाला पांढरी पूड. तेव्हा मला ती पूड कुठली हे माहीत नव्हतं. ती थेट समुद्रातली नाही, प्रयोगशाळेत बनवलेली. पण तिची कल्पना आली फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरच्या एका स्पंजातून. वर्नर बर्गमन ह्यांना १९५०-५१ च्या सुमाराला त्या स्पंजात अशी द्रव्यं दिसली की जी डीएनएच्या घटकांशी जवळजवळ जुळतात, फक्त आतली साखर वेगळी. पेशीला फरक कळत नाही. ती खोटा घटक उचलून साखळीत बसवते आणि पुढची बांधणी तिथंच अडते. ह्या कल्पनेवरून केलेलं सायटाराबिन १९६९ पासून अमेरिकेत वापरात आहे. आमचा पोरगा वाचला. आता उद्यमनगरात लेथवर असतो, लग्न झालंय, अजून स्पिरिटचा वास आला की तोंड फिरवतो. त्याच्या शेजारच्या खाटेवर एक मुलगी होती. तिलाही हीच बाटली लागायची, मीच द्यायचो. ती नाही वाचली. तिचे वडील अजून दुकानावरून जाताना हात करतात.

स्पंजाला ना दात, ना नख्या, ना पळायला पाय. जागेवर बसून पाणी गाळत राहायचं, एवढंच त्याचं आयुष्य. अशा जीवाकडं विष असणारच, असं म्हणून शास्त्रज्ञ स्पंज, समुद्री ससे नावाच्या गोगलगायी आणि खडकाला चिकटणारे सगळे मऊ जीव गोळा करत सुटले. आणि मग एकेका गोष्टीत खालून दुसराच निघायला लागला. कॅरिबियन समुद्रात कांदळाच्या मुळांवर झुबक्यांनी वाढणारा एक जीव आहे, एक्टिनॅसिडिया नावाचा. त्याच्या अर्कात कॅन्सरवर काम करणारं काहीतरी आहे हे १९६९ मध्येच दिसलं होतं. पण एक ग्रॅम औषधासाठी साधारण टनभर जीव लागायचा. समुद्र रिकामा करायची वेळ आली असती. शेवटी जमिनीवरच्या एका जिवाणूच्या टाक्या लावून त्यातून निघणाऱ्या जवळच्या द्रव्यापासून औषध बनवलं, युरोपात २००७ साली परवानगी मिळाली. पुढं जनुकं तपासली तेव्हा कळलं की मूळ द्रव्यही तो जीव करतच नाही, त्याच्या अंगात राहणारा एक जिवाणू करतो, आणि त्याला तर प्रयोगशाळेत अजून वाढवताही आलेलं नाही. समुद्री सशाचंही तेच. त्याच्यात सापडलेलं डोलास्टॅटिन तो खात असलेल्या निळ्या-हिरव्या जिवाणूचं निघालं. त्यावरून बेतलेलं औषध २०११ पासून हॉजकिन लिम्फोमावर वापरतात. रंकाळ्याचं पाणी हिरवंगार होतं आणि आपण महापालिकेच्या नावानं बोटं मोडतो, तो हिरवा तवंग ह्याच जिवाणूंच्या भाऊबंदांचा. तो विषारी असू शकतो, त्यात पोहू नये. पण विष आणि औषध एकाच कुळातले असतात हे फार्मासिस्टला काही नवं नाही.

म्हणून 'कुठली?' ह्या प्रश्नाचं उत्तर देता देता मी दमतो. कांदळाच्या मुळावरचा जीव, जीवातला जिवाणू, जिवाणूतलं जनुक, आणि बाटलीतली पूड मात्र भलत्याच देशातल्या टाकीतून आलेली. आजोबांनी विचारलं तर कुठल्या पायरीला बोट लावून सांगायचं?

आपल्याकडचं काही नाहीच का, हेही मनात होतंच. आहे. पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही कंपनी १९५४ साली स्थापन झाली आणि तिथल्याच मातीतल्या एका जिवाणूतून हमायसिन नावाचं बुरशीनाशक निघालं. त्या जिवाणूचं नावच स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना. माझ्या कॉलेजच्या दिवसांत त्याचे कानात घालायचे थेंब दुकानात मिळायचे. आता मागायला कुणी येत नाही आणि आलं तरी माझ्याकडं नाही. समुद्राच्या बाबतीत आपल्याकडं गोव्यात दोना पावलाला १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, किनारपट्टीवरच्या विद्यापीठांतूनही काम चालतं. पण प्लेटवरचा झोन (दुसरा जंतू उगवत नाही तो स्वच्छ गोल) ते दुकानातली स्ट्रिप ह्या वाटेत पैसा लागतो, आणि तो पैसा का येत नाही हे मला शास्त्रज्ञांपेक्षा बरं कळतं. गल्ल्यावर मी बसतो. बीपीची गोळी, शुगरची गोळी माणूस जन्मभर नेतो. अँटिबायोटिक पाच दिवस. त्यातही नवं, जोरदार अँटिबायोटिक आलं की डॉक्टरांनी ते जपून, शेवटचं म्हणून ठेवायचं असतं, म्हणजे चांगलं निघालं तर कमी खपणार. अकाओजेन नावाच्या अमेरिकन कंपनीच्या नव्या अँटिबायोटिकला २०१८ साली परवानगी मिळाली आणि २०१९ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. असा धंदा कोण करणार?

आणि जे हातात आहे ते आपण कसं वापरतो? २०१४ पासून सेफिक्झाइमसारख्या औषधांची एच-वन रजिस्टरमध्ये नोंद करावी लागते: डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, नग. ते रजिस्टर घेऊन मी बसतो आणि समोरचा म्हणतो, "अहो, दोनच गोळ्या द्या, आज कमी वाटलं तर उद्या बघू." नाही म्हटलं की पलीकडच्या दुकानात जातो. एक बाई दर पावसाळ्यात येतात, मागच्या वर्षीची अर्धी उरलेली स्ट्रिप दाखवतात आणि "हीच द्या, लागू पडली होती" म्हणतात. त्यांच्याशी माझं दरवर्षी भांडण होतं आणि दरवर्षी जाताना त्या पोरांची खुशाली विचारतात. ब्रोत्झूंच्या गावात टायफॉइड होता म्हणून ही सगळी गोळ्यांची फळी जन्माला आली. २०१६ पासून पाकिस्तानातल्या सिंधमध्ये टायफॉइडचा असा जंतू पसरला की ज्याला सेफ्ट्रिॲक्झोन लागूच पडत नाही. एक वर्तुळ पुरं व्हायला पाऊणशे वर्षंही लागली नाहीत.

पुतणीला झोन मिळाला होता. तिच्या एका ॲक्टिनोच्या वसाहतीभोवती स्टॅफचा, म्हणजे गळवांतला, जंतू उगवलाच नव्हता, स्वच्छ गोल. तिनं पट्टी लावून मिलिमीटर मोजले, फोटो काढला, तो स्टेटसला ठेवला, आणि घरात दोन दिवस शोध लागल्याचं वातावरण. तिच्या गाईडनी थंड डोक्यानं सांगितलं, आधी हे जुनं आहे का ते बघ. कारण ह्या खेळात माणूस बहुतेक वेळा आधीच सापडलेलं परत शोधून काढतो. मातीतले शंभर ॲक्टिनो उचलले तर दहाएक स्ट्रेप्टोथ्रिसिन करतात, एखादा स्ट्रेप्टोमायसिन. ते १९४३ सालीच सापडलंय. जुनं-नवं ठरवायला लागणारी यंत्रं तिच्या कॉलेजात नव्हती, नमुने बाहेर पाठवायला पैसे लागत होते, आणि प्रोजेक्टची मुदत मार्चमध्ये संपत होती. तिनं प्रबंध बांधला, चांगले मार्क पडले. आता ती एका औषध कंपनीत क्यूसीला, म्हणजे मालाचा दर्जा तपासायला, आहे. मी एकदा म्हटलं, "ते अर्धवटच राहिलं की गं." ती म्हणाली, "काका, इकडं पगार वेळेवर होतो." मी गप्प बसलो. तिच्या वडिलांनी शिक्षणासाठी काढलेलं कर्ज मला माहीत आहे.

तिचा तो जिवाणू ग्लिसरॉलमध्ये घालून कॉलेजच्या डीप फ्रीजरमध्ये ठेवलेला आहे. पुण्याच्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संग्रहात द्यायचं चाललंय, फॉर्म अर्धा भरून पडलाय. मधे तिच्या जागी गडहिंग्लजकडची एक पोरगी आली. तिनं तोच जिवाणू काढला आणि मीडियातलं मीठ निम्मं करून लावला. झोन नाहीसा. पुन्हा पुरतं खारं पाणी दिलं, झोन परत. तिनं पुतणीला फोन केला. रविवारचा दिवस, ताटावर बसलेली पुतणी उठून गॅलरीत गेली आणि दोघी इतक्या वेळ बोलत राहिल्या की वहिनीनं तिचं ताट झाकून ठेवलं. खाऱ्या पाण्यातच ते द्रव्य करत असेल तर हा खरा समुद्रातला, जमिनीवरून वाहून आलेला नव्हे, असं त्या पोरीचं म्हणणं. पुतणी म्हणत होती, घाई करू नकोस. मीठ कमी झालं की जिवाणूची वाढच कमी होते, वाढ कमी तर द्रव्य कमी, मग झोन कसा दिसणार? आधी दोन्हीकडं वाळवून वजन कर, वाढ सारखी आली तरच पुढं बोलू. पोरीला ते फारसं आवडलं नाही, पण सोमवारी तिनं नवे फ्लास्क लावलेत. पुतणीनं सुटी टाकलीय, वजन करायला ती स्वतः जाणार आहे.